मानाची जागा आणि माणसाचे मोल

शासकीय समारंभात कोणी आधी यावे, कोणी कोणाच्या शेजारी बसावे आणि कोणाचे स्वागत कोणी करावे, हे राजशिष्टाचाराने ठरते. भारतात हा क्रम राष्ट्रपती सचिवालयाच्या 26 जुलै 1979 च्या अधिसूचनेने निश्चित केला असून त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. राष्ट्रपती पहिल्या स्थानावर, उपराष्ट्रपती दुसऱ्या, पंतप्रधान तिसऱ्या, आपापल्या राज्यात राज्यपाल चौथ्या, माजी राष्ट्रपती पाचव्या, तर सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष सहाव्या स्थानावर येतात. संसद सदस्य एकविसाव्या स्थानावर आहेत. वरवर ही आसनव्यवस्थेची यादी आहे. पण तिच्या मुळाशी धर्मचिंतनाला फार पूर्वीपासून पडलेला एक प्रश्न आहे. माणसे मुळात समान असतील, तर एकाला मान आधी आणि दुसऱ्याला नंतर का? आणि द्यायचाच असेल, तर तो कोणत्या आधारावर द्यायचा?

महाभारताच्या सभापर्वात हा प्रश्न राजसूय यज्ञाच्या मंडपात उभा राहतो. पहिले अर्घ्य कोणाला द्यावे, असे युधिष्ठिर भीष्मांना विचारतो. आचार्य, ऋत्विज, आप्त, स्नातक, मित्र आणि राजा असे सहा जण अर्घ्याला पात्र असल्याचे भीष्म सांगतात आणि त्या सभेत कृष्ण सर्वश्रेष्ठ असल्याचा निर्णय देतात. सहदेव कृष्णाला अर्घ्य देतो आणि शिशुपाल उसळतो. त्याच्या बोलण्यातला द्वेष बाजूला ठेवला, तरी त्याचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. वय पाहायचे तर वसुदेव उपस्थित आहेत, आचार्य म्हणून द्रोण आहेत, ऋत्विज म्हणून व्यास आहेत, हितचिंतक म्हणून द्रुपद आहे. कृष्ण तर राजाही नाही. म्हणजे प्रत्येक निकषावर कोणी ना कोणी कृष्णाच्या पुढे आहे, असे त्याचे म्हणणे. भीष्मांचे उत्तर असे की ज्ञान आणि बळ ही दोन्ही कृष्णाच्या ठायी एकवटली आहेत.

या वादाचा शेवट शिशुपालाच्या वधात झाला. एकाच सभेत अनेक निकष हजर असतील आणि त्यांपैकी कोणता वरचढ हे आधी ठरलेले नसेल, तर एकाचा मान हा दुसऱ्याला स्वतःचा अपमान वाटतो, हे या प्रसंगातून दिसते. त्याच यज्ञात कृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा मराठी कीर्तनपरंपरेने आवर्जून जपली आहे. अग्रपूजेचा मान आणि सर्वांत हलके मानलेले काम एकाच व्यक्तीकडे देऊन या परंपरेने मान आणि मोल या दोन गोष्टी वेगळ्या केल्या.

स्मृतिकारांनी निकषांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मानाची पाच कारणे येतात: धन, नातेसंबंध, वय, कर्म आणि विद्या. यांत पुढचे कारण मागच्यापेक्षा थोर, म्हणजे धन सर्वांत खाली आणि विद्या सर्वांत वर. लगेच पुढे रस्त्यावर वाट कोणाला द्यावी याचा नियम येतो. रथात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी. राजा आणि स्नातक समोरासमोर आले, तर राजाने स्नातकाचा मान राखावा. या यादीत रोगी आणि ओझेकरी आहेत, हे महत्त्वाचे. त्यांना वाट मिळते ती त्यांच्या गरजेमुळे. योग्यतेचा प्रश्न तेथे येत नाही. मात्र याच ग्रंथाने मानाची कारणे वर्णाच्या चौकटीत बसवली. विद्या सर्वांत थोर ठरवायची आणि ती मिळवण्याचा अधिकार मात्र जन्मावर ठेवायचा, यामुळे निकष चांगला असूनही न्याय अपुरा राहिला.

बौद्ध विनयपिटकाने जन्माचा निकषच बाजूला सारला. चुल्लवग्गातील प्रसंग असा आहे: भिक्षुसंघ श्रावस्तीच्या वाटेवर असताना काही भिक्षूंचे शिष्य पुढे धावले आणि त्यांनी आपल्या गुरूंसाठी मुक्कामाच्या सगळ्या जागा अडवल्या. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागा उरली नाही. ते एका झाडाखाली बसून राहिले. पहाटे बुद्ध उठले आणि खाकरले, तेव्हा झाडाखालून सारिपुत्तही खाकरले. सगळा प्रकार कळल्यावर बुद्धांनी संघाला विचारले की उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा मिळण्यास योग्य कोण? कोणी म्हणाले क्षत्रिय कुळातला, कोणी ब्राह्मण कुळातला, कोणी विनय जाणणारा, तर कोणी अर्हत्. बुद्धांनी यांपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. तित्तिर, माकड आणि हत्ती यांनी आपल्यात वडील कोण हे शोधून त्याचा आदर कसा केला, ही कथा सांगून त्यांनी ज्येष्ठतेचा नियम घातला. संघातील ही ज्येष्ठता उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षू म्हणून घेतलेल्या पूर्ण दीक्षेच्या, काळावरून मोजली जाते.

अर्हत्पद हाही निकष नाही, ही यातली खोल गोष्ट आहे. आध्यात्मिक उंची डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर मान ठरवला तर दावे आणि दंभ वाढतात. उपसंपदेची तारीख सर्वांना ठाऊक असते आणि तिच्याबद्दल वाद होत नाही. शाक्य राजकुमार दीक्षेला आले, तेव्हा त्यांनी आपल्याबरोबरच्या उपाली नावाच्या न्हाव्याला आधी उपसंपदा देण्याची विनंती केली, म्हणजे त्याला वंदन करता करता आपला कुळाभिमान गळून पडेल. बुद्धांनी आणखी एक मर्यादाही घातली: वंदन आणि आसन यांत ज्येष्ठता पाळावी, पण संघाच्या सामाईक मालमत्तेवर ज्येष्ठतेच्या नावाने हक्क सांगू नये. तरीही या व्यवस्थेत विषमता उरलीच. शंभर वर्षांची भिक्षुणीही आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्षूला वंदन करील, या नियमात ज्येष्ठतेचे तत्त्व स्त्रीच्या वाट्याला आले नाही.

जन्माधिष्ठित अग्रक्रमाचे ठसठशीत रूप ब्रिटिश काळात संस्थानिकांच्या तोफांच्या सलामीत दिसत असे. बडोदा आणि ग्वाल्हेरला 21 तोफा, कोल्हापूरला 19. 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात संस्थानिक ठरलेल्या क्रमाने बादशहासमोर आले. निजाम आणि म्हैसूरनंतर तिसरे आलेले सयाजीराव गायकवाड यांनी साध्या वेषात एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते निघाले. यावरून मोठा गहजब झाला, कारण तेथे मान देण्याच्या पद्धतीतूनच सत्ता आणि अधीनता व्यक्त होत होती. पुढे 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले.

प्रजासत्ताकातील अग्रक्रम याहून तत्त्वतः वेगळा आहे. संविधानाचा अनुच्छेद 14 कायद्यापुढे समानता देतो, तर अनुच्छेद 18 लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळता राज्याला किताब देण्यास मनाई करतो. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत आणि ते नावाला जोडता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. राजशिष्टाचाराच्या सारणीतील मान मुख्यतः पदाला आहे. आपल्या राज्यात चौथे असणारे राज्यपाल राज्याबाहेर आठव्या स्थानावर जातात. व्यक्ती तीच असते, पण पदाचे कार्यक्षेत्र बदललेले असते. माजी राष्ट्रपती आणि भारतरत्नाचे मानकरी यांच्या बाबतीत मात्र पदापेक्षा सेवेची आठवण राखली जाते. एकाच स्थानावरील व्यक्तींमध्ये, त्या स्थानावर जो आधी आला तो पुढे. राजदूतांसाठी 1961 च्या व्हिएन्ना कराराने हाच आधार घेतला आहे: कार्यभार स्वीकारण्याची तारीख आणि वेळ. देश मोठा की लहान, हे तेथे पाहिले जात नाही. भिक्षुसंघाला सापडलेले उत्तर येथेही उपयोगी पडते.

सारणीच्या पहिल्याच टिपेत म्हटले आहे की हा क्रम शासकीय आणि औपचारिक समारंभांपुरता आहे आणि सरकारच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही. समारंभातील सहावे किंवा एकविसावे स्थान न्यायालयात, रुग्णालयाच्या रांगेत किंवा रस्त्यावर कोणताही हक्क देत नाही. तेथे मान मागितला गेला, तर त्याला राजशिष्टाचाराचा आधार उरत नाही.

वारीत दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात आणि ते काटेकोर पाळले जातात. तरीही वारकरी वय आणि जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. क्रम आणि समता एकत्र नांदू शकतात, याचा हा जिवंत पुरावा आहे. मात्र त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. मानाचा आधार उघड आणि आधी ठरलेला असावा. तो जन्माने किंवा लिंगाने कोणालाही बंद नसावा. मान प्रसंगापुरता आणि पदापुरता राहावा, सामाईक गोष्टींवरचा वाढीव हक्क होऊ नये. आणि गरजवंत समोर आला, तर पहिला मान त्याच्या गरजेला मिळावा. या अटी पाळल्या गेल्या, तर पुढच्या रांगेत बसलेल्याचे मोल वाढत नाही आणि मागे उभ्या असलेल्याचे कमी होत नाही.