सद्वर्तनाचे बक्षीस

गेल्या एप्रिलात एका लहानशा ख्रिस्ती प्राथमिक शाळेच्या वर्षअखेरच्या समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावले होते. पाहुणा म्हणायचे ते रीतीपुरतेच; कारण माझ्या नोकरीची पहिली अकरा वर्षे त्याच शाळेत गेली. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून सरकारदप्तरी अहिल्यानगरच्या) दुष्काळी भागातले गाव, चार वर्ग, तीन शिक्षक, कौलारू इमारत आणि अंगणात एक जुना लिंब. माझ्या वेळी ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण असे. आता तिथे तोटी लावलेली प्लॅस्टिकची टाकी आली आहे. लिंब मात्र तसाच आहे आणि एप्रिलात त्याचा मोहोर तसाच मुलांच्या डोक्यावर गळतो.

समारंभ सुरू होण्यापूर्वी बाईंनी माझ्या हाती बक्षिसांची यादी दिली. पाठांतर, हस्ताक्षर, पूर्ण हजेरी, पहिले तीन नंबर, आणि सर्वांत शेवटी 'सद्वर्तन'. ते शेवटचे नाव वाचताना मी थबकलो. हे बक्षीस १९७९ साली मीच सुरू केले होते. मी शाळा सोडल्यावरही ते चालू राहिले, याचा एखाद्याला अभिमान वाटला असता. मला ओशाळल्यासारखे झाले. का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वर्षअखेरचा हा दिवस त्या शाळेत कसा साजरा होई, ते आधी सांगितले पाहिजे. मिशनच्या शाळा आमच्या भागाला नव्या नाहीत. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आलेल्या मिस सिंथिया फरार यांनी पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतीराव फुल्यांनी मनाशी निश्चय केला आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. आमची शाळा त्या मानाने अगदीच सामान्य. इतिहासात तिचे नाव नाही, आणि तिथल्या मुलांना त्याची खंतही नव्हती. वार्षिक परीक्षा संपे, निकाल १ मेला झेंडावंदनानंतर लागायचा असे, आणि या दोहोंच्या मधल्या एका संध्याकाळी हा मेळावा भरे. सतरंजी मारुतीच्या देवळातून येई, पेटी आणि झांजा चर्चमधून. नारायण वामन टिळकांची भजने वारकरी चालीत म्हटली जात. मी वारकऱ्याच्या घरातला. डोळे मिटले म्हणजे मला आपण एकादशीच्या भजनाला बसलो आहोत असेच वाटे.

मग उपकारस्तुती होई. वृद्ध पाळकसाहेब मुलांना एकेक करून उभे करीत आणि सरत्या वर्षातल्या एका गोष्टीसाठी आभार मानायला सांगत. देवाचे म्हणा, माणसाचे म्हणा, सक्ती नसे. "आमची शेळी व्याली." "आजीचा डोळा बरा झाला." "हस्तात पाऊस पडला." एकदा एक पोरगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजींनी यंदा दोनदाच मारलं." सारे हसले. मी हसलो, पण घरी गेल्यावर ते दोन प्रसंग आठवीत बराच वेळ जागा होतो.

उपकारस्तुतीनंतर बक्षिसे, आणि बक्षिसांनंतर बुंदी-शेव.

मी तेव्हा तरुण होतो. दर वर्षी तीच तीन-चार मुले पुढे येतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात, हे मला अन्यायाचे वाटे. बुद्धी ही जन्माने मिळालेली. तिचे कौतुक कशाला? चांगुलपणा मात्र ज्याचा त्याने कमावलेला असतो, असे माझे मत होते. तेव्हा त्याला बक्षीस हवे. आणि त्याच वर्षी मला तो चांगुलपणा डोळ्यांनी दिसला.

एस.टी.ची वेळ बदलल्यामुळे एके दिवशी मी तासभर आधी शाळेत पोचलो. तिसरीतली एक मुलगी चर्चच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणून रांजण भरत होती. सात-आठ खेपा. प्रत्येक कळशी ती फडक्याने गाळून ओतत होती. चौकशी केली तेव्हा कळले, पावसाळा सरल्यापासून ती हे करते आहे. आम्हा शिक्षकांचा समज असा, की पाणी शिपाई भरतो. शिपायाचा समज असा, की ते चर्चचा माणूस भरतो. "तुला कुणी सांगितलं?" मी विचारले. "कुणी नाही," ती म्हणाली, "पोरांना तहान लागती ना." एवढे बोलून ती पुढच्या खेपेला गेली. तिचे नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे ध्यानात येईल.

बाजारच्या दिवशी मी कासाराकडून एक स्टीलचा पेला घेतला, त्यावर तिचे नाव घालून घेतले आणि मेळाव्यात सगळ्या गावासमोर तिची हकिकत सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

जूनमध्ये शाळा उघडली, आणि रांजणाभोवती मारामारी सुरू झाली. दहा-दहा मुले कळश्या, तांबे, डबे घेऊन येत. मी फाटकातून आत शिरेपर्यंत कुणी पाणी ओतीत नसे. मी दिसलो की रांजण उतू जाई. श्रावणापर्यंत निम्मी मुले कंटाळली. दिवाळीच्या सुट्टीनंतर रांजण तळाला गेलेला, झाकण नाही, फडके नाही. आणि ज्या मुलीमुळे हे सुरू झाले, ती त्या बाजूला फिरकतही नव्हती.

मी तिला बाजूला घेऊन विचारले. खाली मान घालून ती म्हणाली, "मी भरलं की पोरी म्हणत्यात, पेल्यासाठी भरती." मी म्हणालो, "म्हणू देत की! आपलं मन आपल्याला ठाऊक असतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, मलाबी तसंच वाटाया लागलंय."

आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. तिच्या हातून काही वाईट घडले नव्हते. पण जे काम ती पाण्यासारख्या सहजपणे करीत होती, त्याच्यावर मी एक नाव कोरून ठेवले होते. आता कळशी उचलताना तिला स्वतःचाच संशय येत होता.

पुढे वाचनात आले, की शहाण्या लोकांनी या गोष्टीचा प्रयोगच करून पाहिला आहे. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना चित्रे काढायची मनापासून आवड होती अशी मुले त्यांनी निवडली. काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र देऊ' असे आधी सांगून ते दिले, काहींना न सांगता दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहतात तो, आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले मोकळ्या वेळात इतरांच्या निम्म्यानेच चित्रे काढीत होती. न सांगता मिळालेल्या बक्षिसाने तसे झाले नव्हते. हे वाचून क्षणभर मला बरे वाटले. कारण माझा पेलाही न सांगता दिलेला होता. पण ते समाधान टिकले नाही. एकदा अचानक दिलेले बक्षीस दुसऱ्या वर्षी अपेक्षित होते, आणि तिसऱ्या वर्षी यादीत जाऊन बसते. माझे तसेच झाले.

खरे तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारण नव्हते. आमच्या घरी रोज गीता वाचली जाई. कर्म करावे, फळावर डोळा ठेवू नये, हे मी पाळण्यात ऐकले होते. शाळेत पाळकसाहेब डोंगरावरील प्रवचन सांगत; दानधर्म करताना तुतारी वाजवू नये, हे तिथे ऐकले होते. दोन्हीकडून ऐकूनही मी मेळाव्यात तुतारी वाजवली, तीही दुसऱ्याच्या दानाची.

मी हे बक्षीस बंद करावे असे मुख्याध्यापिका बाईंना सुचवले. त्यांनी मला जे उत्तर दिले ते सहजासहजी खोडून काढता येणार नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं नाव शाळेच्या पाटीवर आहे, पगारपत्रकात आहे, तुमच्या घरच्या भांड्यांवर आहे. या पोरीच्या आईचं नाव आजवर कुणी चार माणसांत घेतलं असेल ते उसनं मागायला आलं तेव्हाच. एकदा तिच्या लेकीचं नाव टाळ्यांत ऐकलं, तर कुठं बिघडलं?" निष्काम कर्माचा उपदेश भरल्या पोटी फार सोपा असतो, हे मला त्या दिवशी कळले. ज्यांना मान मिळालेला आहे, त्यांनीच मानाची निंदा करावी, यात काहीतरी खोट आहे.

त्याच मेळाव्यात आणखी एक पेच मी दर वर्षी पाहत असे. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती गाळप संपल्यावर परततात. त्यांची मुले वर्गात सहा महिने नसत. 'पूर्ण हजेरी'चे बक्षीस त्यांना या जन्मी मिळणे शक्य नव्हते; आणि ते ज्याला मिळे, त्याचा गुण एवढाच, की त्याच्या बापाला दीड एकर ओलिताची जमीन होती. एका वर्षी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दृष्टांत सांगितला. मळ्याचा धनी पहाटेपासून राबलेल्यांना आणि दिवस मावळायला आलेल्यांना सारखीच मजुरी देतो. मागे बसलेला एक शेतकरी मोठ्याने म्हणाला, "मग उद्या सकाळी कामाला कोण येईल?" लोक हसले. पाळकसाहेबही हसले, आणि म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. पण संध्याकाळी आलेल्याला घरी चूल पेटवायचीच आहे ना?"

मी विचार करू लागलो. एकाच अंगणात, एकाच संध्याकाळी आम्ही दोन न्याय चालवीत होतो. बक्षिसे श्रमाच्या मापाने वाटत होतो आणि बुंदी भुकेच्या मापाने. बुंदीच्या पुडीत पहिला नंबर आणि शेवटचा नंबर असा भेद नव्हता. काल ऊसतोडीवरून आलेल्या पोरालाही तेवढीच. दोन्ही न्याय खरे आहेत. एकट्या पहिल्यावर जग चालवले तर ते निर्दय होईल. एकट्या दुसऱ्यावर चालवले तर त्या शेतकऱ्याची शंका खरी ठरेल.

पण रांजण भरणाऱ्या मुलीचे कोडे या दोहोंनी सुटत नाही. तिने मजुरी मागितली नव्हती. तिला बुंदीची वाणही नव्हती. मग मी तिला काय द्यायला हवे होते?

याचे उत्तर त्याच संध्याकाळच्या तिसऱ्या भागात होते, आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते. बक्षीस हा शब्द फारसीतून आला. बक्षणारा वर असतो, घेणारा खाली हात पसरतो. देणाऱ्याच्या मर्जीची छाया त्या शब्दावरून कधी गेलेली नाही. उपकारस्तुतीत याच्या उलट होते. तिथे उभा राहणारा 'मला मिळाले' असे म्हणतो. तो ऋणको असतो. त्या वर्षी ते पाणी रोज मी प्यालो होतो. भर दुपारी, खडूने घसा सुकल्यावर, तिने गाळलेले पाणी प्यालो होतो. म्हणजे ऋणको मी होतो. आणि मेळाव्यात उभा राहिलो तो दाता म्हणून! तिच्या उपकाराचे मी माझ्या औदार्यात रूपांतर केले. त्या रात्री मला छान झोप लागली, ती यामुळे.

आभारही मजुरीसारखे होऊ शकतात, अशी शंका कुणी घेईल, आणि ती निराधार नाही. गोड बोलण्यासाठी राबणारी माणसे मी पाहिली आहेत. तरी एक फरक राहतोच. बक्षिसाला हरणारे लागतात. एकाला मिळाले म्हणजे बाकीच्यांना मिळत नाही. आभाराला हरणारा कुणी नसतो. शेळी व्याली म्हणून आभार मानले, तर पावसाचे काही कमी होत नाही. आणि बक्षिसाचा निर्णय देणारा निवाडा करतो, की ही मुलगी चांगली आहे. आभार मानणारा निवाडा करीतच नाही. तो म्हणतो, मला तहान लागली होती. माणसाला 'तू चांगला आहेस' या वाक्याचे ओझे होते. 'तुझ्यामुळे माझे भागले' या वाक्याचे होत नाही.

गेल्या एप्रिलात मी सारी बक्षिसे वाटली, 'सद्वर्तना'चेसुद्धा. तो मुलगा टापटीप कपडे करून पुढे आला होता. माझ्या पश्चात्तापापायी त्याचा आनंद हिरावून घ्यायचा मला काय अधिकार? दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी एवढेच म्हणालो, की या ओसरीत पूर्वी एक रांजण होता, एका मुलीने भरलेले पाणी मी त्यातून बरेच महिने प्यालो, आणि आभार मानायचे राहून गेले. ते आज मानतो. ती मुलगी तिथे नव्हती. लग्न होऊन ती केव्हाच दूर गेली. तेव्हा माझे ऋण फिटले असे मी समजत नाही.

खाली येऊन बसलो तेव्हा पहिली-दुसरीतला एक पोरगा टाकीतून पाणी घेऊन आला. त्याला कुणी सांगितले होते की नाही, मी विचारले नाही. पाणी संपवले. "शाबास" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळून मी म्हणालो, "बरं झालं रे, घसा अगदी कोरडा पडला होता."

तो हसला, रिकामा पेला घेतला आणि बुंदीच्या रांगेकडे पळाला.