वस्तादांची मनाई

कोल्हापुरात गंगावेशीकडच्या एका तालमीत विशीतला एक पैलवान होता. खेड्यातून आलेला, मेहनतीला वाघ. खासबाग मैदानात त्याची पहिली मोठी कुस्ती ठरली. १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या त्या मैदानात लढायचं म्हणजे जन्माचं सार्थक!

ऐन तयारीत त्याला फ्लूनं गाठलं. चार दिवस अंग फणफणलं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि गडी पहाटेच लंगोट कसून हौद्यात उतरला. निम्मे जोर होतात न होतात तोच धाप लागली, छातीत कळ आली. कुणाला कळू नये म्हणून तो खाली वाकून अंगाला माती चोळत राहिला. पण वस्तादांनी त्याचे पांढरे पडलेले ओठ पाहिले.

"बाहेर ये. दवाखान्यात जायचं."

"वस्ताद, कुस्ती पंधरा दिवसांवर आलीया!"

"कुस्ती परत लागंल. चल."

ईसीजी, इको, रक्ततपासणी झाली. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, मायोकार्डायटिस. डॉक्टर म्हणाले, "हात मोडला तर गळ्यात बांधून ठेवता येतो. काळीज झोपेतही चालतंच. सुजेवर मेहनत केलीस तर ठोक्यांची लय बिघडून जागेवर कोसळशील. तीन ते सहा महिने जोर-बैठका बंद. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस २०२२च्या जानेवारीत कोविडनंतर याच दुखण्यानं बाहेर बसला आणि एप्रिलमध्ये मैदानात परतला. तूही परतशील."

कुस्ती रद्द झाली. गडी घाबरला, अशी गावात कुजबुज सुरू झाली. वस्तादांनी सगळ्यांना बजावलं, "मनाई मी केलीया. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

पाच महिने पैलवान हौद्याच्या कडेला बसून डाव बघत राहिला. मग पुन्हा तपासण्या झाल्या, त्या चोख आल्या. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मेहनत हळूहळू वाढवली. पुढच्या हंगामात तो खासबागेत लढला आणि गुणांवर हरला. तरी वस्तादांनी त्याची पाठ थोपटली, कारण हरलेला गडी पुन्हा लढू शकतो.

तात्पर्य : ताप उतरला म्हणजे काळीज सावरलं, असं नव्हे. अंगात ताप असताना मेहनत करू नका. नंतरही छातीत दुखलं, धाप लागली, धडधडलं किंवा चक्कर आली, तर आधी डॉक्टर, मग हौदा.