हरवलेल्या मुक्या जिवासाठी प्रार्थना

घरातील पाळीव जनावर मेले असता होणारे दुःख आणि ते हरवले असता होणारे दुःख ही एकाच जातीची आहेत, असे वरवर पाहणारास वाटते. ज्यांनी दोन्ही भोगली आहेत त्यांस त्यांतील भेद सांगावा लागत नाही. मृत्यूला शेवट असतो. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला, माती लोटली, मुलांनी वर दोन फुले ठेविली, की मनास टेकावयास निदान एक जागा मिळते. हरवलेल्या जनावराच्या बाबतीत तसे काही होत नाही. दाराशी जरा खुट्ट झाले की सारे घर कान टवकारते. जेवावयास बसले असता कोपऱ्यातील रिकाम्या ताटलीकडे नजर जाते. रात्री पाऊस कोसळू लागला म्हणजे अंथरुणात पडलेल्यांस आपल्या कोरड्या पांघरुणाचीच लाज वाटू लागते. येथे आशाच माणसाचा छळ करिते.

अशा वेळी ख्रिस्ती कुटुंबात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुधा लहान मुलाच्या तोंडून निघतो. सायंकाळच्या प्रार्थनेस सर्व जण जमले असता ते विचारते, "बाबा, आपल्या मोत्यासाठी देवाकडे मागितले तर चालेल का?" वडील मंडळी क्षणभर घुटमळतात. कोणी म्हणतो, जगात माणसे उपाशी मरत असता कुत्र्यासाठी देवास साकडे घालणे बरे नव्हे. कोणी मुलाची समजूत काढण्याकरिता म्हणतो, "माग हो, म्हणजे तो उद्या येईल." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांतील दुसरे पहिल्याहून अधिक धोक्याचे आहे.

प्रथम पहिल्याचा विचार करू. पवित्र शास्त्रात हरवलेली जनावरे एकदाच भेटतात असे नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात कीश नावाच्या गृहस्थाची गाढवे हरवली आहेत, आणि त्याचा मुलगा शौल एका चाकराला बरोबर घेऊन डोंगराळ मुलूख पालथा घालीत आहे. शोध लागेना, तेव्हा चाकर सुचवितो की, जवळच्या नगरात देवाचा एक माणूस राहतो, त्यालाच विचारू. गाढवांसाठी संदेष्ट्याच्या दारी जाण्यात त्या दोघांसही काही वावगे वाटत नाही. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, इस्राएलाचा पहिला राजा नेमण्याचे केवढे तरी थोर काम शमुवेलाच्या हाती असताना, शौलाने विचारण्यापूर्वीच तो त्याला सांगतो की जनावरे सापडली आहेत, त्यांचा घोर सोड. राज्याची सूचना त्याच्या मागाहून येते.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तर प्रभू येशूने आपला दाखलाच ह्या अनुभवावर उभारिला आहे. शंभरांतील एक मेंढरू हरवले असता उरलेली नव्याण्णव सोडून त्याच्या शोधास कोण जाणार नाही, अशा अर्थाचा प्रश्न तो समोरच्यांस करितो. हा दाखला पापी माणसाविषयी आहे, मेंढराविषयी नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि दाखला समजावयास ऐकणाराच्या मनात त्याचे बीज आधीपासून असावे लागते. हरवलेल्या जनावरासाठी तुटणारे काळीज त्या श्रोत्यांपाशी होते, म्हणूनच देवाचे काळीज कसे आहे हे त्यांस सांगता आले. मग ज्या दुःखाचा आधार घेऊन देवाचे अंतःकरण आपणांस उलगडून दाखविण्यात आले, ते दुःख त्याच्यापुढे नेण्यास संकोच का धरावा?

कोणी म्हणेल की, मेंढरू हे धन आहे. मांजराकुत्र्याचे प्रेम ही निव्वळ हौस. त्यास नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट हे उत्तर आहे. त्या गोष्टीतील गरिबाची एकुलती एक मेंढी त्याच्या मुलांबरोबर वाढली; त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या पेल्यातून पिई, त्याच्या उराशी निजे; ती त्याला लेकीसारखी होती. तिच्या किमतीचा प्रश्न तेथे निघतच नाही. ही माया हास्यास्पद असती, तर तिच्या आधारे राजाची सदसद्विवेकबुद्धी जागी करण्याचे नाथानाच्या मनातही आले नसते. आणि उपाशी माणसांविषयी म्हणाल तर, योनाच्या पुस्तकाच्या अखेरीस देव निनवे नगरीतील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची कीव करितो तेव्हा तेथील गुराढोरांचाही उल्लेख करावयास चुकत नाही. दया ही रांजणातील पाण्यासारखी मोजकी नसते, की एकाला पाजले म्हणून दुसऱ्याला कमी पडावी. आमच्या भाषेतील ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता एका घायाळ पक्षिणीवर लिहिली. माणसांविषयीचा त्यांचा कळवळा त्यामुळे उणा झाला, असे कोणी म्हणणार नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. "माग, म्हणजे तो येईल" असे मुलाला सांगणाराने देवाच्या नावाने एक हुंडी लिहून दिलेली असते, आणि ती वटविणे त्याच्या हाती नसते. मोत्या आला नाही, म्हणजे मुलापुढे दोनच वाटा उरतात. देव ऐकत नाही असे मानावे, किंवा आपली श्रद्धा कमी पडली म्हणून आपलाच मोत्या दुरावला असे मानावे. दुसरी समजूत कोवळ्या मनावर विषासारखी काम करिते. शेजारच्या घरची प्रार्थना फळाला आली आणि आपली आली नाही, ह्याचे गणित श्रद्धेच्या वजनावर मांडू नये. गेथशेमाने बागेत खुद्द ख्रिस्ताने जे मागितले तेही त्याला मिळाले नाही. आणि त्याची श्रद्धा उणी होती असे म्हणण्यास कोण धजेल?

मग प्रार्थनेने मिळते तरी काय? येथे चिमण्यांचे वचन उपयोगी पडते. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात एका दमडीला दोन चिमण्या विकल्या जातात. लूकच्या बाराव्या अध्यायात दोन दमड्यांना पाच. म्हणजे चार घेणारास पाचवी फुकट मिळे. बाजारात जिला काहीच मोल उरले नाही, त्या पाचव्या चिमणीचाही देवास विसर पडत नाही, असे तेथे सांगितले आहे. परंतु चिमणी कधी पडतच नाही, असे मत्तय सांगत नाही. ती पडते; मात्र पित्याच्या नकळत पडत नाही. जनावर सुखरूप असल्याची हमी ह्यातून निघत नाही. निघते ते इतकेच की, 'हरवले' हा शब्द आपल्या दृष्टीपुरता खरा आहे. ज्याच्यापर्यंत आपला हात पोचत नाही, त्याला जो पाहत आहे त्याच्या हवाली करणे, हा ह्या प्रार्थनेचा गाभा आहे. रात्री दार लावून घेणे ज्यास जिवावर येते, त्यास ह्याची किंमत कळेल.

हवाली करणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. शौल संदेष्ट्याकडे गेला तो पुष्कळ पायपीट केल्यावर, आणि दाखल्यातील मेंढपाळ तर मेंढरू सापडेपर्यंत थांबत नाही. भेदरलेले मांजर पुष्कळदा घराजवळच्याच एखाद्या जिन्याखाली किंवा अडगळीत दडून राहते आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे धावत सुटतो. तेव्हा पहाटे गल्ली निजलेली असताना हाका मारीत फिरावे, शेजाऱ्यांस त्यांच्या अडगळीच्या खोल्या उघडावयास सांगावे, पशुवैद्याकडे आणि पालिकेच्या कोंडवाड्यात चौकशी करावी, छायाचित्र चौकाचौकांत लावावे. वसई-गोव्याकडील कॅथलिक घरांत हरवलेल्या वस्तूसाठी पादुआच्या संत अँथनीची (मृत्यू १२३१) विनवणी करितात. प्रॉटेस्टंट घरांत संतांस मध्यस्थ न घालता थेट प्रभूकडे मागतात. रीत कोणतीही असो, प्रार्थनेनंतर पायांत वहाणा सरकवून पुन्हा बाहेर पडण्याचे बळ आले, तर ती व्यर्थ गेली नाही असे समजावे.

आणि इतके करूनही जनावर आलेच नाही तर? त्याचे पुढे काय होते, ह्याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नाही. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस ह्याच्या मते पशूंचा आत्मा देहाबरोबरच संपतो. उलट जॉन वेस्ली ह्याने १७८१ सालच्या एका उपदेशात, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या आधारे, साऱ्या सृष्टीच्या सुटकेत मुकी जनावरेही वाटेकरी होतील अशी आशा प्रकट केली. सी. एस. लुईस ह्याने १९४० साली वेदनेच्या प्रश्नावर लिहिलेल्या ग्रंथात, माणसाळलेल्या पशूला त्याच्या धन्याच्या द्वारे अमरत्व लाभत असेल, अशी कल्पना मांडली. पण ती केवळ कल्पना म्हणूनच. जेथे असे थोर लोक जपून बोलले, तेथे आईबापांनीही जपूनच बोलावे. "मोत्या कोठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही, देवाला ठाऊक आहे, आणि तुला रडू येते ह्यात काही वाईट नाही," एवढे खरे बोललेले वाक्य मुलाला पुरते. पुढे मोठेपणी त्याहून मोठे वियोग त्याच्या वाट्यास येतील, तेव्हा लहानपणी आपणांस फसविले गेले नव्हते ही आठवण त्याच्या कामी येईल.

शेवटी ह्या प्रार्थनेत एका गोष्टीची भर घालावी असे आम्हांस वाटते. आपले जनावर कोणा अनोळखी माणसाच्या दारात गेले असेल, तर त्याने त्याला हाकलू नये, वाटीभर दूध द्यावे, असे आपण मनातून इच्छितोच. तेव्हा त्या अनोळखी माणसासाठीही देवाकडे मागावे. मोशेच्या नियमशास्त्रात भावाचे भटकलेले मेंढरू किंवा बैल दिसला तर डोळेझाक करू नये, धनी शोधत येईपर्यंत ते आपल्या घरी सांभाळावे, अशी आज्ञा आहे. आणि शत्रूचे जनावर असले तरी ते त्याच्याकडे परत पोचवावे, अशीही आहे. ज्या घरातून एक मुका जीव नाहीसा झाला, त्या घराच्या पायरीवर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी भिजलेला जीव येऊन बसेल. त्याच्यासाठी कोणी तरी, कोठे तरी, त्याच रात्री प्रार्थना करीत असेल. आणि ती फळाला येणे न येणे त्या वेळी आपल्या दाराच्या कडीवर अवलंबून असेल.