नमुना घेण्याची वेळ

जिल्हा रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात रात्री पाच वर्षांची मुलगी आली. सर्दी-खोकला बरा होत आलाय असं वाटत असतानाच ती तापाने फणफणली होती. श्वास आत घेताना घर्रघर्र आवाज होई, गळ्याची खळगी आत ओढली जाई. क्रूप, म्हणजे विषाणूमुळे स्वरयंत्राला येणारी सूज, समजून नेब्युलायझर लावला, स्टेरॉइड दिलं. फरक पडला नाही.

"आधी रक्त तपासा, काय झालंय ते कळू द्या," वडील हात जोडून म्हणत होते. नव्या निवासी डॉक्टरलाही ते पटलं. त्याने लॅबमधल्या काकांना बोलावलं. रक्त, घशाचा स्वॅब, सगळं एकदमच घ्यायचं ठरलं.

काका सुई काढणार तोच वॉर्डच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडम आल्या. "काका, थांबा. आईच्या मांडीवर आहे तशीच राहू दे तिला. रडली तर उरलीसुरली वाटही बंद होईल."

काकांनी ट्रे मागे घेतला. वडील मात्र कळवळले, "मग रिपोर्टशिवाय उपचार कसे करणार?"

त्यांना दोष देववत नाही. हातात कागद आला की आजार ताब्यात आला, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण मॅडमना शंका होती तसा श्वासनलिकेत जंतुसंसर्ग होऊन पू साचतो तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतातच असं नाही आणि ब्लड कल्चर बहुतेक वेळा कोरंच येतं. घशाच्या स्वॅबवरही विसंबता येत नाही, कारण निरोगी घशातही जंतू असतातच. खरा पुरावा स्वरयंत्राच्या खाली असतो.

मॅडमनी भूलतज्ज्ञांना आणि कान-नाक-घसा सर्जनना बोलावून मुलीला थेट थिएटरमध्ये नेलं. दुर्बिणीतून श्वासनलिका लालभडक दिसली, भिंतींना पुवाचे घट्ट पापुद्रे चिकटलेले. ते ओढून काढले, श्वासासाठी नळी बसवली. ओढलेला स्राव निर्जंतुक डबीत काकांच्या हाती गेला. रक्तही आता घेतलं, आणि लगेच व्हॅन्कोमायसिनसह अँटिबायोटिक सुरू झाली.

काकांनी काचपट्टीवर स्राव पसरून ग्रॅम स्टेन केला. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही तासाभरात दिशा दाखवते. पुवाच्या पेशींमध्ये द्राक्षांच्या घडासारखे जांभळे जंतू होते. काकांनी फोन केला, "डॉक्टर, स्टॅफिलोकोकस वाटतोय. पण कुठल्या औषधाने मरेल ते आज सांगता येणार नाही. कल्चरमध्ये वाढू दे."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला : स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लोक्सासिलिन लागू पडेल असा. ब्लड कल्चर कोरं होतं. निवासी डॉक्टर व्हॅन्कोमायसिन थांबवायला निघाला तेव्हा वडील घाबरले. "भारी औषध का बंद करता?"

तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला. "दादा, त्या रात्री जंतू कुठला ते माहीत नव्हतं, म्हणून मोठं जाळं टाकलं. आता नेमका तो सापडलाय. त्याच्यावर हे साधं औषधच जास्त चांगलं काम करतं, आणि पोरीच्या मूत्रपिंडावरचा ताणही टळेल."

वडिलांनी रिपोर्ट मागून घेतला आणि जंतूच्या नावाखालची औषधांची यादी बोट ठेवून त्याच्याकडून समजून घेतली. मग त्याने केसपेपरवर व्हॅन्कोमायसिनवर रेघ मारून सिस्टरना क्लोक्सासिलिनचा डोस सांगितला.