बळाची मिरास

मुळशी तालुक्यातील मौजे मुठा येथील मामासाहेब मोहोळ यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला. आणि त्यांच्या पश्चात, त्यांच्या स्मरणार्थ, महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेच्या विजेत्यास मोहोळ घराण्याकडून जी गदा दिली जाते, तिच्या एका अंगास मारुतीची व दुसऱ्या अंगास मामासाहेबांची प्रतिमा असते. आत सागवान, वर चांदीचा पत्रा. ती खांद्यावर घेऊन विजयी मल्ल मैदानाला फेरी मारू लागला की हलगीच्या कडकडाटात सहसा कोणाला सुचू नये असा एक प्रश्न मला छळू लागतो : ज्या देवाचे हे आयुध, त्याने स्वतःच्या नावासाठी एकही युद्ध केले नाही, मग नाव व्हावे म्हणूनच जो लढतो, त्याने त्या देवापुढे नारळ फोडावा तो कोणत्या अधिकाराने?

मारुतीच्या कथेतील मर्म असे की, ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या सामर्थ्याचे विस्मरण झालेले असते आणि समुद्रतीरी जांबवंताने आठवण करून देईपर्यंत तो इतर वानरांसारखाच एक वानर म्हणून बाजूला बसून राहतो. बलवंताला स्वतःचे बळ ठाऊक नसावे, आणि ठाऊक व्हावे तेही परक्याचे कार्य अडले असताना, ही योजना मला शापापेक्षा अनुग्रहासारखीच अधिक वाटते. तालमीतले आचार पाहिले तर आपल्या मल्लांनाही हे निराळ्या रीतीने उमगले असावे असे दिसते. तेल, हळद, ताक, लिंबू आणि काव घालून मऊ केलेल्या लाल मातीत उतरताना मल्ल तिची चिमूट कपाळाला लावतो, मूठभर माती जोडीदाराच्या अंगावर टाकतो आणि त्याच्याकडूनही अंगावर घेतो. त्यानंतरचा सारा झगडा मात्र त्याच मातीला दुसऱ्याची पाठ लावण्यासाठी चालतो. जिला हात लावणे ही पूजा, तिला पाठ लागणे हा पराभव! या विसंगतीचा उलगडा कोणत्याही भाष्यकाराने केलेला नाही, आणि पहाटे चार वाजता उठून जोर मारणाऱ्या पोराला त्याची गरजही भासत नसावी.

हे बळ मल्लाच्या अंगी किती काळ टिकते, हे पाहण्यासाठी गणपतराव आंदळकरांचे उदाहरण घ्यावे. शिराळा तालुक्यातील पुनवत हे त्यांचे गाव. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते घडले. 1960 मध्ये हिंद केसरी झाले. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन पद्धतीचे सुवर्ण व मुक्त पद्धतीचे रौप्य घेऊन आले. 1964 मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि पदकावाचून परतले. अवघी चार-पाच वर्षे! एवढ्या मुदतीचे हे ऐश्वर्य. त्यापुढे 2018 च्या सप्टेंबरात देह ठेवीपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ ते जगले. तेव्हा बळ ही मिरास आहे की मुदतीचा पट्टा, असा खरा वाद आहे.

मुळशीकरांना हा वाद नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असलेली आपली भातखाचरे ही आपली मिरास, असे मावळ्यांनी धरले होते. सरकारने भूसंपादनाच्या कायद्यावर बोट ठेवून ती टाटांच्या धरणासाठी घेतली, आणि 1921 च्या रामनवमीला सुरू झालेला, पुढे सेनापती बापटांनी चालविलेला सत्याग्रहही ती राखू शकला नाही. तेथे अन्याय होता आणि त्याविरुद्ध दाद मागता येत होती. देहाची मुदत संपते तेव्हा दाद मागावी अशी कचेरीच नाही. मुदतीआधी आपण होऊन सोडून देणे तेवढे हाती असते.

अमेरिकेचा महंमद अली हा अवजड गटातील मुष्टियोद्धा तर मारुतीच्या अगदी उलट टोकाचा : आपण सर्वश्रेष्ठ आहोत हे तो जगाला ओरडून सांगे. अशा अहंकारी माणसाकडून वैराग्याची अपेक्षा कोण करील? परंतु 1967 मध्ये, आपल्या धर्मश्रद्धेला स्मरून त्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला, त्यापायी अजिंक्यपद गमावले आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर काढली. 1974 मध्ये किन्शासा येथे तेव्हाचा विजेता जॉर्ज फोरमन याला लोळवून त्याने ते पद परत मिळविले, हे सर्वांना पाठ असते. मला मोठा वाटतो तो पद सुटू देणारा अली. पुढे कंपवाताने त्याच्या हातावरची हुकमतही काढून घेतली. पण जे त्याने स्वखुशीने दिले होते, त्याला रोगाचा स्पर्श होऊ शकला नाही. अहंकार नाहीसा झाल्यावाचून त्याग घडत नाही, हे आपले ठरीव मत या एका माणसापुरते तरी तपासून घ्यावे लागते.

आंदळकरांनी दिले ते निराळ्या मार्गाने. मोतीबागेतच ते वस्ताद झाले आणि दादू चौगुल्यांसारखा, 1970 व 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी होणारा, मल्ल त्यांच्या हाताखाली तयार झाला. वस्तादाचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. जो डाव आपल्या अंगात भिनलेला आहे तो दुसऱ्याच्या अंगात उतरवायचा, त्यासाठी रोज त्याच्या पकडीत स्वतःला द्यायचे, आणि एके दिवशी त्या पोराचा ढाक डाव आपल्याला आवरत नाही हे सर्वांदेखत पत्करायचे. गुरूने शिष्याकडून पराभवाची इच्छा धरावी, असे आपल्याकडे सांगतात. पण त्याच्याच शेजारी, वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हणही नांदते. माझे मत या म्हणीच्या विरुद्ध आहे. राखलेला डाव लढायला गुडघे लागतात, आणि ते तर वस्तादाने कधीच गमावलेले असतात. तेव्हा तो डाव कोणाविरुद्ध राखायचा? गदेवरच्या त्या देवापुढे नारळ फोडण्याचा अधिकार, माझ्या समजुतीप्रमाणे, फेरी मारणाऱ्या विजेत्याला अजून यायचा असतो. ज्या दिवशी तो राखलेला डावही शिकवून टाकील, त्या दिवशी त्याला तो अधिकार येईल.