बिनधन्याचा सूर

अंधाराची भीती घालवण्यासाठी माणसाने दिवा लावला, हे खरेच. पण दिवा लागल्याबरोबर त्याच्याभोवती कोंडाळे करून तो भुताखेतांच्या गोष्टी सांगू लागला, हेही तितकेच खरे आहे. भीतीशी माणसाचे नाते असे दुहेरी आहे. एरवी सापाच्या वाटेला न जाणारी शहाणीसुरती माणसे पदरचे पैसे मोडून भयपटाला जातात, खुर्चीचे हात घट्ट धरून दोन-अडीच तास काढतात आणि बाहेर आल्यावर ‘मजा आली’ म्हणून सांगतात. या मजेत चित्रांइतकाच, किंबहुना चित्रांहून थोडा अधिक, वाटा आवाजाचा असतो. भिववणारे दृश्य आले तर डोळे मिटून घेता येतात. कानांना पापण्या नसतात.

गेल्या अर्धशतकात भयपटांनी या कामासाठी एक वाद्य विशेष जवळ केले. ते म्हणजे सिंथेसायझर. विजेच्या प्रवाहाला हवे तसे कंप देऊन त्यातून स्वर काढणारे हे यंत्र. त्याचा लांबच लांब, थंड, न हलणारा सूर ऐकला की अंगावर काटा येतो. आणि गंमत अशी की तोच सूर पुन्हा ऐकावासा वाटतो. असे का व्हावे, हा एक प्रश्न. आणि असे वाटणे बरे की वाईट, हा दुसरा. पहिला रसाचा आहे, दुसरा नीतीचा. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

त्यासाठी आधी चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊ या. कोल्हापूरच्या वायव्येला दहा-अकरा मैलांवरची ही वाडी रत्नागिरी. गुलालाने माणसे, पायऱ्या, देवळांची शिखरे एका रंगाची झालेली. उंचच उंच सासनकाठ्या तोलीत, नाचवीत गावोगावचे मानकरी चाललेले. आणि या साऱ्यावर आवाजाचे छत: ढोल, हलगी, घुमके, कैताळ, मधूनच पिपाणीची किंकाळी, आणि लाखो गळ्यांतून उठणारे ‘चांगभलं’. नवख्या माणसाला हा आवाज भिववतो. छातीचा पिंजरा हादरतो, शेजारच्या माणसाच्या अंगात येते, आपले पाय आपले राहत नाहीत. देवही काही गोंडस नव्हे. हा भैरवाच्या कुळातला, रत्नासुराला मारणारा. त्याच्या चार हातांपैकी एकात खड्ग आहे, एकात त्रिशूळ आहे आणि एकात डमरू आहे.

तरीही या कल्लोळात माणूस एकटा पडत नाही. कारण येथल्या प्रत्येक आवाजाला धनी आहे. हलगी वाजते तेव्हा तिच्यामागे काठी धरलेला हात दिसतो. ती मऊ पडली की वाजवणारा जाळावर शेकून घेतो, तेही दिसते. पिपाणीवाल्याचे गाल फुगलेले असतात आणि त्याचा दम संपला की सूर तुटतो. कातडे, बांबू, श्वास, घाम यांची सही प्रत्येक नादावर असते. कान हे सारे न सांगता वाचतो आणि मनाला कळवतो: घाबरू नकोस, माणूस आहे.

आवाज कानी पडताच आपण पहिल्याने विचारतो ते ‘काय आहे?’ असे नव्हे, तर ‘कोण आहे?’ असे. रात्री माजघरात भांडे पडले तर आई हेच विचारते. ‘मांजर आहे’ असे उत्तर आले की घर पुन्हा झोपी जाते. सिंथेसायझरचा सूर या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तार छेडली की तिचा नाद हळूहळू विरतो. फुंकीचा सूर श्वासाबरोबर संपतो. सारंगीचा गज टोकाला पोहोचला की वळतो. ही मर्यादा आपल्या शरीराच्या ओळखीची असते. विजेचा सूर मात्र बटण दाबलेले असेल तोवर जसाच्या तसा राहू शकतो. ऐकणारा नकळत त्याच्या श्वासाची वाट पाहतो, आणि तो श्वास घेतच नाही. जो श्वास घेत नाही आणि तरी बोलतो, त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते सांगायला नकोच.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्राला याची जाण होती. भयानक रस कशाने उत्पन्न होतो याची यादी देताना भरताने आरंभीच विकृत आवाज घातला आहे. कोल्हे, घुबडे, ओसाड घर आणि अरण्य यांची पाळी त्यानंतर येते. अभिनवगुप्ताने त्यापुढचे मर्म सांगितले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तले बाणाच्या भयाने धावणारे हरिण घेऊन तो दाखवतो, की प्रेक्षकाला येथे जी भीती जाणवते ती हरणाची नसते आणि प्रेक्षकाच्या स्वतःच्या जिवाचीही नसते. ‘माझी’, ‘शत्रूची’, ‘मित्राची’ ही लेबले गळून गेलेली ती नुसती भीती असते, आणि म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. विजेच्या सुराने हेच काम यंत्राने साधले. ज्या सुराला धनी नाही, त्यातून येणारी भीतीही कोणाची नसते. ती चाखता येते.

कोल्हापुराला या कलेचा इतिहास परका नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, तेव्हा त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हबकले आणि सेन्सॉरने तो प्रसंग काढायला लावला. चित्रपट मुका होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १९२९ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’ने १९३७ साली ‘कुंकू’ केला. त्यात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताला जवळजवळ फाटाच दिला. जो आवाज ऐकू येतो तो कथेतल्याच कशाचा तरी असतो, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ एखाद्या पात्रासारखे बोलते. धनी असलेल्या आवाजांनी किती भेदक काम होते, याचा तो नमुना होय.

धनी नसलेला आवाज आपल्याकडे आला तो सापाच्या रूपाने. १९५४ च्या ‘नागिन’मध्ये ज्या पुंगीने सारा देश डोलला, ती पुंगी नव्हतीच. ते क्लाव्हायोलिन नावाचे विजेवर चालणारे वाद्य होते आणि ते वाजवले होते कल्याणजींनी. हेच पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी. परदेशात १९६३ साली हिचकॉकने ‘द बर्ड्स’मध्ये प्रचलित पार्श्वसंगीत गाळून ट्राउटोनियम या विद्युत्-वाद्यावर पक्ष्यांचे चीत्कार घडवून घेतले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मूगने आपला सिंथेसायझर पुढे आणला. आणि १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरने ‘हॅलोवीन’ हा सव्वातीन लाख डॉलरांच्या आत-बाहेरचा, म्हणजे तिकडच्या मानाने फाटका चित्रपट काढून त्याचे संगीत स्वतःच केले. तो स्वतः सांगतो, की संगीत घालण्यापूर्वी हा चित्रपट एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला तर त्या मुळीच भ्याल्या नाहीत. संगीताने चित्र पालटले. त्या धुनेचे गणित आपल्याला नवलाचे वाटू नये: दहा मात्रांचे आवर्तन. पण आपल्या झपतालात मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा डुलत येतात, तर येथे त्या तीन-तीन-दोन-दोन अशा पडतात. पहिल्या दोन पावलांनी अंतर ठरते आणि पुढच्या दोन पावलांत कोणीतरी जवळ आलेले असते. आणखी एक लक्षणीय गोष्ट अशी की त्यातला मुखवटाधारी मारेकरी श्रेयनामावलीत नावाने येत नाही. तेथे तो केवळ ‘आकृती’ आहे. बिनधन्याच्या सुराला बिनचेहऱ्याचा माणूस शोभला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते. हा सूर आवडतो, कारण तो आपल्याला भीती शुद्ध स्वरूपात देतो आणि तिचे देणे मागत नाही. शिवाय भीती फार काळ परकी राहत नाही, हाही अनुभव आहे. ‘नागिन’ची ती धून आता वरातीत वाजते, आणि एरवी गंभीर असलेले काका तोंडात रुमाल धरून पुंगीवाले होतात, तर मामा रस्त्यावर लोळून नाग होतात. भ्यायचे, मग हसायचे, मग नाचायचे. माणूस भीतीला अशीच माणसाळवतो.

आता नीतीचा प्रश्न. घरातली वडील मंडळी विचारतात, आणि रास्त विचारतात, की भीती ही काय खेळण्याची वस्तू आहे? पोरे रात्री दचकून उठतात. अंधश्रद्धेला खतपाणी मिळते ते वेगळेच. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो सूक्ष्म करून घ्यायला हवा. भय दाखवणारे दोन प्रकारचे असतात. चित्रपटवाला तिकीट फाडतो, अंधार करतो, भिववतो आणि ठरल्या वेळी दिवे लावतो. त्याचा खेळ हा खेळ म्हणूनच जाहीर असतो. भोंदू बाबा मात्र दिवे लावीत नाही. तो म्हणतो, ‘ही भीती तुझी आहे, तुझ्या घरातली आहे आणि तिचा उतारा फक्त माझ्यापाशी आहे.’ पहिल्याने उसनी दिलेली भीती तो परत घेतो. दुसरा तिच्यावर व्याज आकारतो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो या दुसऱ्या धंद्यासाठी. पहिल्यासाठी आईबापांची समज पुरे आहे.

परंतु खरा धोका याहून खोल आहे, आणि तो सुरात नाही. ‘कोण आहे?’ या प्रश्नाला उत्तर नसणे माणसाला फार वेळ सोसत नाही. उत्तर मिळाले नाही तर तो ते तयार करतो. भयपटांकडेच पाहा. सूर कोणाचाही नसतो, पण पडदा त्याला घाईघाईने धनी नेमतो. आणि नेमतो तो बहुधा दुबळाच. पांढऱ्या लुगड्यातली विधवा, वाकलेली म्हातारी, व्यंग असलेला नोकर, वेशीबाहेरचा फकीर. ज्यांना समाजाने आधीच अंधारात ढकलले, त्यांनाच अंधाराचे मालक ठरवायचे, असा हा न्याय आहे.

पडद्यावर हे घडते तेव्हा ते हलक्या प्रतीची कला असते. गावात घडते तेव्हा माणसे मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. अफवा हाही बिनधन्याचाच आवाज. कोण बोलले ते कोणालाच ठाऊक नसते. जमावाने तिला धनी शोधला, तो परगावाहून पोटासाठी आलेल्या पाच भटक्यांत. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. डौर वाजवून देवाची गाणी म्हणत दारोदार भिक्षा मागणारा हा समाज. जोतिबाच्या हातातल्या डमरूचे हे धाकटे भावंड ज्यांच्या पूर्वजांच्या हाती होते, त्यांच्याच अंगावर एका बेवारस आवाजाचे पाप घातले गेले. नंदुरबारकडच्या पाड्यांत एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेव्हाही रीत हीच असते. ताप का आला, गुरे का मेली, याचे उत्तर सापडत नाही. तेव्हा उत्तर म्हणून एक बाई पुढे ओढली जाते.

म्हणून मला वाटते, भयपट आणि त्याचा सूर यांची नीती एकाच कसोटीवर घासून पाहावी: ‘कोण आहे?’ या प्रश्नाचे तो काय करतो? दुबळ्याकडे बोट दाखवीत असेल, तर त्याचे संगीत कितीही कुशल असो, त्याला घरात घेऊ नये. प्रश्न उघडाच ठेवीत असेल, तर तो मनाला एक मोलाची सवय लावतो: उत्तराविना थोडा वेळ बसण्याची. आणि एखादा चित्रपट याहूनही पुढे जातो. २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये, जेस्पर किड या परदेशी संगीतकाराच्या सुरांच्या सोबतीने, कोकणातल्या ओल्या काळोखात एक राक्षस वाट पाहत असतो, पण पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाणारी हाव माणसाची असते. ‘कोण आहे?’ याचे उत्तर तेथे ‘तूच’ असे येते. असे उत्तर देणारा भयपट कीर्तनाच्या जवळपास पोहोचतो.

जोतिबाच्या डोंगरावरच्या त्या कल्लोळाकडे या दृष्टीने पाहिले तर वडीलधाऱ्यांची युक्ती ध्यानात येते. भीती तेथेही आहे, पण तिचा धनी कथेत बांधून टाकलेला आहे: रत्नासुर, आणि तो कधीच मारला गेला आहे. आता कोणा शेजाऱ्याला रत्नासुर ठरवण्याचे कारण उरलेले नाही. उरली ती आरोळी, आणि तिचा साधा अर्थ भले होवो एवढाच. ते कोणाचे, हे मात्र सांगितलेले नाही. भीतीला धनी शोधायला निघालेल्या माणसांना या गोष्टीची आठवण राहिली पाहिजे. भल्याचा धनी न नेमता लाखो माणसे एका आवाजात ते मागू शकतात. मग भीतीचा धनी नेमण्याची घाई आपल्याला का असावी?

या दिवाळीत फराळाची ताटे आवरल्यावर घरातली पोरे एखादा भयपट लावतील. लावू द्यावा. मोठ्यांनीही शेजारी बसावे. सूर चढला की पोर बिलगेल आणि हळूच विचारील, ‘कोण आहे?’ तेव्हा भलतेसलते नाव घेऊ नये. ‘माहीत नाही; पण मी आहे’ असे सांगावे.