वनखात्याचा पगार आणि लेखकाची वही

लेखनाची ओढ आणि पोटापाण्याची नोकरी यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मराठीत बहुधा वेळेचा प्रश्न म्हणून मांडला जातो. दिवसाचे आठ-दहा तास कार्यालयाला दिल्यावर लेखकापाशी काय उरते असे विचारले जाते आणि उत्तरादाखल पहाटे उठून लिहिणाऱ्यांचे दाखले दिले जातात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत, तसेच त्यांच्यासह भोवताली पसरलेल्या झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील धान, तलाव आणि जंगलाच्या मुलखात, हाच प्रश्न तपासून पाहिला तर तो वेळेपेक्षा बोलण्याच्या मुभेशी अधिक निगडित आहे असे आढळते. येथे नोकरी लेखकाला पगाराबरोबर विषय देते, त्या विषयापर्यंत जाण्याची वाट देते, आणि त्या विषयाबद्दल काय छापता येईल याची हद्दही तीच आखून देते.

या मेळाचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण मारुती चितमपल्ली (1932–2025) यांचे आहे. सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी कोइमतूर येथे वनशास्त्राचे शिक्षण घेतले, राज्याच्या वनखात्यात ठिकठिकाणी काम केले आणि 1990 मध्ये उपमुख्य वनसंरक्षक या पदावरून ते निवृत्त झाले. त्यांच्या लेखनाला नवेगावबांध येथील वास्तव्याने मोठे बळ दिले. हे गाव गडचिरोलीच्या सीमेला भिडलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. त्या काळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आज तो गोंदियात आहे. तेथील विस्तीर्ण तलाव, त्यावर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी, भोवतालचे वन आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारखे जाणकार गावकरी हे सारे त्यांच्या वाट्याला आले ते बदलीच्या हुकुमाने. स्वतंत्र लेखकाला वर्षानुवर्षे एका तलावाकाठी राहण्याचा खर्च मराठी प्रकाशन व्यवसायाने कधी दिला नसता, आणि समजा दिला असता तरी रात्री-अपरात्री राखीव जंगलात फिरण्याचा अधिकार त्याला मिळाला नसता. तो अधिकार गणवेशाबरोबर येतो.

वनखात्याची नोकरी आणखी एक गोष्ट देते, तिची दखल साहित्यसमीक्षेने फारशी घेतलेली नाही. ही नोकरी स्वतःच लिहिण्याची नोकरी आहे. वनाधिकाऱ्याला दौऱ्याची दैनंदिनी ठेवावी लागते. कार्य आयोजना, म्हणजे एखाद्या वनविभागात पुढील अनेक वर्षे कोठे तोड आणि कोठे लागवड करायची याचा लेखी आराखडा, वाचावी आणि पाळावी लागते. कूप, म्हणजे त्या त्या वर्षी तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, पायाखाली घालून त्यातील झाडे मोजावी लागतात. तारीख, ठिकाण, झाडाचे नाव आणि प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट एवढेच लिहायचे, अंदाज आणि अलंकार टाळायचे, ही या कागदपत्रांची शिस्त आहे. चितमपल्लींच्या गद्यातील नेमकेपणाचा उगम त्यांच्या संस्कृत आणि लोकविद्येच्या व्यासंगात जसा शोधला जातो, तसा तो या रूक्ष सरकारी सवयीतही शोधायला हवा. त्यांची महत्त्वाची पुस्तके प्रसिद्ध होऊ लागली ती पन्नाशीच्या आसपास, आणि ‘पक्षीकोश’सारखे मोठ्या आवाक्याचे काम निवृत्तीनंतर पूर्ण झाले. नोकरीची वर्षे टिपणांची होती. ग्रंथांची वर्षे पुढे आली. निवृत्तिवेतन ही मराठी साहित्याची सर्वांत मोठी आणि कधीही जाहीर न झालेली शिष्यवृत्ती आहे, असे म्हणण्यास जागा आहे, जरी त्या शिष्यवृत्तीवर लिहिल्या गेलेल्या आठवणींचा बराचसा भाग विसरण्याजोगा असला तरी.

या व्यवस्थेची किंमत मात्र वेळेत मोजता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 हे शासकीय कर्मचाऱ्याला शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई करतात. निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनाला मात्र ते मोकळीक देतात. वरवर उदार वाटणाऱ्या या तरतुदीचा अर्थ जंगलात आल्यावर बदलतो. पक्ष्याच्या घरट्याविषयी लिहिणे निव्वळ साहित्य ठरते. निस्ताराविषयी, म्हणजे गावकऱ्यांना जळाऊ लाकूड, बांबू, चराई यांसाठी जंगलावर असलेल्या परंपरागत हक्कांविषयी आणि ते हक्क नाकारले जाण्याविषयी लिहिणे धोरणावरील टीका ठरू शकते. एकाच झाडाखाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला वर पाहून लिहिण्याची मुभा असते आणि समोर पाहून लिहिताना विचार करावा लागतो. वनखाते आणि गावे यांच्यातील झगडा हा चितमपल्लींच्या त्या काळातील पुस्तकांचा मुख्य विषय नाही, यात नवल नाही. ‘चकवाचांदण’ हे त्यांचे आत्मचरित्रही गणवेश उतरवल्यानंतरचे आहे.

तो झगडा मराठीत आला तो दुसऱ्या वाटेने. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर बल्लारपूरची कागद गिरणी कित्येक दशके चालली (या जंगलाविषयीची काही पुस्तके याच जंगलाच्या कागदावर छापली गेली असणे अशक्य नाही), आणि तोच बांबू विकण्याचा हक्क गावांना नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ही हकिकत ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात मांडली ती मिलिंद बोकील यांनी, आणि ते वनखात्याचे नोकर नव्हते. शोधग्रामचे डॉ. अभय बंग यांचेही तसेच. 1986 मध्ये गडचिरोलीत स्वतःची संस्था उभारल्यामुळे त्यांना बालमृत्यूंच्या सरकारी आकड्यांना ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून उघड आव्हान देता आले. जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला, त्याची तळमळ तेवढीच असली तरी, हे करता आले नसते. भामरागड तालुक्यातील हेमलकसाच्या लोकबिरादरी प्रकल्पातून आलेले प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ आणि विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी यांनाही हाच मोकळेपणा लाभला. अर्थात संस्थेतील लेखकाच्याही काही चुप्प्या असतातच, कारण देणगीदार आणि सहकारी यांच्याविषयी तो सहसा सांभाळूनच लिहितो. पण राज्यसत्तेविषयी बोलताना त्याला बदलीची भीती नसते.

नोकरी विषय देते आणि अपराधभावही देते, याचे भारतीय साहित्यातील उत्तम उदाहरण बंगालीत आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय भागलपूरकडील एका जमीनदारी इस्टेटीत व्यवस्थापनाच्या कामावर होते, आणि जंगलाची जमीन कुळांना लागवडीसाठी लावून देणे हा त्या कामाचा भाग होता. ‘आरण्यक’ या कादंबरीचा निवेदक तेच करतो. ज्या वनाने त्याला मोहून टाकले ते त्याच्याच सहीने नाहीसे होते. खासगी मालकाच्या नोकरीतून बाहेर पडल्यावर लिहिलेल्या या पुस्तकात नोकरीच साहित्याचा गाभा झाली आहे. मराठीत वनखात्यातील लेखकाने स्वतःच्या सहीचा असा हिशेब मांडलेली कादंबरी अजून यायची आहे, आणि ती आजवर न येण्यामागे प्रतिभेच्या अभावापेक्षा वर्तणूक नियमांचा वाटा मोठा असावा.

शिक्षकी पेशा हा या भागातील लेखकांचा दुसरा आसरा. चंद्रपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. 1979 च्या संमेलनाचे अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे आणि 2012 च्या संमेलनाचे वसंत आबाजी डहाके, दोघेही महाविद्यालयीन अध्यापक. ‘हाकुमी’ या कादंबरीचे लेखक सुरेश द्वादशीवार हेही प्राध्यापकी करून पुढे पत्रकारितेत गेले. एटापल्ली, भामरागड, अहेरीकडील शाळांवर नेमणूक झालेल्या शिक्षकाला शासन एकस्तर वेतनश्रेणी देते, म्हणजे दुर्गम आणि नक्षलग्रस्त भागातील सेवेबद्दल त्याला वरच्या पदाच्या श्रेणीत वेतन मिळते, तरीही ही नेमणूक शिक्षा मानली जाते आणि बहुतेकांचे लक्ष परतीच्या बदलीकडे लागलेले असते. ज्या शिक्षकाला माडिया किंवा गोंडी शिकण्याआधीच परतायचे असते, त्याच्या हातून निसर्गवर्णन लिहिले जाऊ शकते, माणसे लिहिली जात नाहीत.

पगाराच्या पलीकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहे, आणि ती वेगळाच हिशेब मांडते. दिवाळीनंतर धान हाती येऊ लागले की मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे ठाणे आहे. तिकीट काढून पाहणारा प्रेक्षक असल्याने येथील नाटककाराला लेखनाचे पैसे मिळतात, पण ते हंगामापुरते. उरलेले वर्ष शेती, मजुरी किंवा लहानसा धंदा यांवर निघते. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे हे कलावंत कुरखेडा तालुक्यातील शेतकरीच आहेत. या नाटककाराला वर्तणूक नियम लागू नाहीत. त्याला प्रेक्षकाची आवड लागू आहे, आणि रडवणारा अंक मागणारा प्रेक्षक हा कोणत्याही वरिष्ठापेक्षा कमी कडक नसतो.

राहिला तो वर्ग, ज्याच्यापाशी पगारही नाही आणि तिकीटही नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूची पाने तोडून सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे, या चक्रात वाढलेल्या मुलामुलींपैकी लिहू लागलेल्यांना छंद आणि नोकरी यांचा समतोल ही चर्चाच चैनीची वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढील खरी निवड वनरक्षक भरती, पोलीस भरती आणि शिक्षक भरती यांच्यातली असते. या तरुणांना नोकरी सोडून लेखनाला वाहून घेण्याचा सल्ला देणे हा पोट भरलेल्यांचा उद्धटपणा होईल. मिळेल ती नोकरी त्यांनी घ्यावी. परंतु रुजू होण्यापूर्वी त्या नोकरीत कशाविषयी गप्प राहावे लागेल हे नियमावली वाचून समजून घ्यावे, जे आज छापता येणार नाही तेही पहिल्या दिवसापासून तारीख घालून स्वतःच्या वहीत, शक्य तर स्वतःच्या माडिया किंवा गोंडी भाषेत, लिहून ठेवावे, आणि ती वही कार्यालयात नव्हे, घरी ठेवावी.